चिंध्या दळणारे यंत्र

मित्रांनो, मी चिंध्या दळणारे एक जुने यंत्र आहे. लांबट हौद, त्यात पात्यांचा जाड रूळ आणि बाजूला मोटर, असे माझे रूप. माझ्यात चिंध्यांचा लगदा होतो आणि पुढे त्या लगद्याचा कागद. उज्जैनच्या ज्या कारखान्यात आज कागदाची यंत्रे बनतात, तिथले मी पहिले.

तेव्हा कारखाना नव्हताच. शहरातल्या फ्रीगंज भागामागे पत्र्याची एक शेड होती आणि वासंतीताई होत्या. जवळच भैरवगढला कापडावर छपाई चालते. तिथली उरलेली कात्रणे जाळली जात, ते त्यांना बघवत नसे. म्हणून देवासची नोकरी सोडून त्यांनी मला जोडायला घेतले. भैरवगढच्या ऋताताईंना कागदाचे काम सुरू करायचे होते. मी चालले, तर त्या मला नेणार होत्या.

पहिल्याच चाचणीत फजिती झाली. धागे रुळाला गुंडाळले, मोटर गुरगुरली आणि जळाली. बघायला आलेल्या ऋताताई म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत थांबते. मग मात्र बाहेरून मशीन मागवीन."

वासंतीताईंचे सासरे भय्यासाहेब दाराशी उभे होते. "सूनबाई, जाऊ दे आता. कबाड्याला देऊन टाक."

"बाबा, बिघडलं काय ते कळल्याशिवाय देणार नाही," असे म्हणून त्यांनी माझा एकेक नट खोलायला घेतला.

चूक सापडेपर्यंत पावसाळा सरला. रूळ तळाला अगदी टेकवून बसवला होता. चिंध्यांना जायला वाटच नव्हती. ताईंनी मोटर दुरुस्त करून घेतली आणि रूळ वर-खाली करणारे एक चाक बसवले. आधी रूळ उचलून चिंध्या मऊ होऊ द्यायच्या, मग हळूहळू खाली आणायचा.

दिवाळीच्या तोंडावर ऋताताई चिंध्यांची पोती घेऊन आल्या. भय्यासाहेबही खुर्ची ओढून बसले. दुपारपर्यंत माझ्या हौदात दाट, गुलाबी लगदा फिरू लागला. ऋताताईंनी त्यात हात बुडवला. "बस, हेच पाहिजे होतं. उद्या टेम्पो पाठवते."

भैरवगढला मी वर्षानुवर्षे राबले. मला पाहून इतरांनीही यंत्रे मागवली, शेडचा कारखाना झाला. पुढे ऋताताईंनी मोठे यंत्र घेतले आणि मी अंगणात गेले. हौदात पाणी साचले, पाती गंजली. तेलाचा थेंबही कुणी घातला नाही.

शेवटी वासंतीताईंनीच मला परत आणले. आता शिकायला येणाऱ्या मुली मला खोलतात, जोडतात. काल प्राजक्ताने रूळ तिरका बसवला. मी खडखडले, तशी ती घाबरून मागे सरली. ताईंनी मोटर बंद केली आणि पाना तिच्या हातात दिला. "कुठे अडलं, तूच बघ. मी बसलेय इथे."

संध्याकाळी मी सुरळीत फिरले.

मित्रांनो, यंत्राला वेळेवर तेल द्या, काम झाल्यावर हौद कोरडा ठेवा. आणि शिकणाऱ्याच्या हातून पाना लगेच काढून घेऊ नका.