बिनसेलचा रेडिओ

सुखराम शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, येऊन उभा राहिला, तेव्हा टिकाराम धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात होता. टिकारामच्या गावी, एकोडीत, रोवणा म्हणजे धानाची लावणी जोरात चालू होती. सुखराम हा टिकारामच्या बायकोचा, रुखमिणीचा, चुलतभाऊ. राहायचा पवनीला. तिथून माणूस उगाच एवढ्या लांब येत नाही.

"जवाईबापू, चाला," सुखराम म्हणाला. "बाईची तब्येत जास्त झाली."

रुखमिणी आईला पाहायला म्हणून माहेरी, पवनीलाच, गेली होती. जाताना अंगात थोडा ताप होता, पण ती म्हणाली, एस.टी.त बसलं की उतरते. टिकारामने हातपाय धुतले, सुखरामला घरी आणलं आणि पाण्याचा लोटा त्याच्यापुढे धरला. सुखराम साकोलीहून भाड्याच्या सायकलने आला होता. ओठ सुकले होते. तरी त्याने लोटा हातात घेतला नाही.

"पानी नको," तो म्हणाला आणि दाराबाहेर पाहू लागला.

दुःखाचा निरोप आणणारा माणूस त्या घरचं पाणी पीत नाही. टिकारामने लोटा खाली ठेवला.

"कई?" त्याने विचारलं.

"पहाटे."

ते साल अठ्ठ्याहत्तर. दोघांना मूलबाळ नव्हतं.

दहाव्याला वैनगंगेच्या काठावर पिंड ठेवला. कावळे समोरच्या झाडावर बसून होते, पण एकही खाली येईना. माणसं उन्हात ताटकळली. रुखमिणीची आई गोदावरीबाई घरी होती. मोतीबिंदू पिकून तिची दृष्टी गेली होती, आणि घरात ती एकटीच राहायची. सुखराम हात जोडून म्हणाला, "बाई, काकीची काळजी करू नको. मी हाय." कावळे तसेच बसले.

"कायमंदी जीव अडकला पोरीचा, कोन जाने," एक म्हातारा म्हणाला.

टिकारामला ठाऊक होतं. तो पुढे झाला आणि म्हणाला, "तुया रेडिओ मी पुरा करीन. मायले ऐकवीन."

एक कावळा उतरला आणि त्याने पिंडाला चोच मारली. माणसं उठली, धोतरं झटकली. परतताना सुखराम हळूच म्हणाला, "जवाईबापू, बोलले तं खरं. पन तुमाले टॉर्चचा बल्ब बदलता येते काय?"

"नाई," टिकाराम म्हणाला.

त्याचं असं झालं होतं. टिकारामच्या घरी एक ट्रान्झिस्टर होता, आणि त्याचे सेल नेहमी उतरलेले असायचे. रुखमिणी सातवी शिकलेली. किराण्याच्या पुड्यांचे कागद ती वाचल्याशिवाय चुलीत घालत नसे. एकदा हळदीची पुडी ज्या कागदात आली, त्यावर छापलं होतं : नवशिक्यांसाठी, सेल न लागणारा रेडिओ घरी बनवा. कागद अर्धाच होता. आकृतीचा भाग दुकानदाराने दुसऱ्या कोणाच्या पुडीला वापरला असणार. तेवढ्या अर्ध्या कागदावर रुखमिणी कामाला लागली. आंधळ्या आईजवळ दिवसभर बोलायला कोणी नाही, आणि सेल आणून देणार कोण? हा रेडिओ आईसाठी होता. तिने जळालेल्या मोटारीची तार मिळवली. बांबूच्या पोंग्यावर, म्हणजे पोकळ नळीवर, तिचे वेढे घातले. आईसाठी कानात घालून ऐकायची गुंडी भंडाऱ्याहून मागवली. छपरापासून मोहाच्या झाडापर्यंत एरियलची तार बांधली, आणि घरामागे नांगराचा एक मोडका फाळ जमिनीत गाडून त्याला तार बांधून ठेवली. ही तार कशाला, ते टिकारामने कधी विचारलं नव्हतं.

आता विचारायला कोणी नव्हतं. टिकाराम चौथीपर्यंत शिकलेला, तेही पाटी-पेन्सिलवर.

आधी तो दुकानदार भय्याजीकडे गेला.

"भय्याजी, तो हळदीचा कागद. त्याचा दुसरा अर्धा पायजे."

"हळद पायजे का कागद पायजे?"

"कागद."

भय्याजीने त्याच्याकडे पाहिलं. इतर वेळी त्याने फिरकी घेतली असती. "रद्दी मागं हाय. पाह्य," म्हणाला. टिकाराम दुपारभर रद्दीत बसला. जुनी वर्तमानपत्रं, कोणाच्या शाळेच्या वह्या, लग्नपत्रिका. तो कागद काही मिळाला नाही.

मग तो भंडाऱ्याला वाचनालयात गेला. तिथला माणूस म्हणाला, पुस्तक घरी न्यायचं तर अनामत भरा. इथे बसून वाचायला काही पडत नाही. टिकाराम बसला. रेडिओचं पुस्तक निघालं ते इंग्रजी. दुसरं एक हिंदी होतं. हिंदी त्याला कळायची, पण पुस्तकातली हिंदी बाजारातल्या हिंदीसारखी नव्हती. एका वाक्यावर तो इतका वेळ थांबायचा की वाचनालयातला माणूस येऊन विचारून गेला, "बरं वाटत नाही का?" मात्र आकृती त्याला सापडली. विड्यांच्या बंडलाचा कागद खिशात होता, त्याच्या मागे त्याने ती पेन्सिलीने उतरवून घेतली. आकृतीत सगळ्यात खाली तीन आडव्या रेघा होत्या, वरची मोठी, मधली लहान, खालची आणखी लहान. टिकारामने ओळखलं : तलावाच्या पायऱ्या. म्हणजे तार तलावापर्यंत न्यायची.

साकोलीच्या बाजारात धनीरामचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. टिकारामने त्याला कागद दाखवला.

"माया घरापासून तलाव लई दूर हाय," तो म्हणाला. "तार पुरन काय?"

धनीरामने कागद पाहिला आणि हसला. "अरे बाबा, ह्या पायऱ्या नाई. हे जमीन होय जमीन. अर्थिंग म्हनतेत याले. तार जमिनीत गाडाची."

"मंग ते तं तिनंच गाडून ठेवलं हाय."

"कोनं?"

टिकारामने सांगितलं. धनीराम हसायचा थांबला. त्याने तो कागद पुन्हा पाहिला.

"हे पाहा, हे शिकाचं तं डाकेनं कोर्स येते," तो मग म्हणाला. "पैसे लागते त्याले."

"ते नाई जमत."

"मंग बाजाराच्या दिवशी येऊन बसत जा इथं. पाह्य. पन माया गिऱ्हाइकासमोर बोलू नको. मागच्या खेपेस एक शिकाले आला, तो गिऱ्हाइकालेच सांगे, तुमचा रेडिओ मेला म्हनून."

टिकाराम दर बाजाराला जाऊ लागला. स्टुलावर बसायचा आणि पाहायचा. कोणती वस्तू काय करते ते धनीराम येता-जाता सांगायचा. डायोड म्हणजे एका बाजूनेच उघडणारं फाटक, हे टिकारामला लगेच कळलं. बांधीतून पाणी सोडायचं तर धुरा एका बाजूलाच फोडतात. एका बाजाराला धनीरामने भंगारात पडलेल्या एका रेडिओच्या पेटीतून एक डायोड काढून त्याच्या हातावर ठेवला. "घेऊन जा. त्या पेटीचा मालक काई परत येत नाई आता."

पावसाळा सरल्यावर टिकारामने सगळं आकृतीप्रमाणे जोडलं. गुंडी कानात घातली. काही नाही. पुढच्या बाजाराला धनीरामने विचारलं, "तारेचं वार्निश खरवडलं काय? वरतून चमकते तं तुले वाटते तांबं होय. वार्निश असते ते. त्याच्यातून काई जात नाई."

घरी येऊन त्याने विळ्याने तारेची टोकं खरवडली. पोंग्यावरचे वेढे रुखमिणीने इतके चिकटून घातले होते की त्याने विळा टोकाच्या पुढे जाऊ दिला नाही. एक वेढा सुटला तर तो पुन्हा तसा बसणार नव्हता. सुटला नाही. त्याने गुंडी कानात घातली. काही नाही.

अशात हिवाळा गेला, उन्हाळा लागला. टिकारामची वहिनी कुंताबाई शेजारीच राहायची. रुखमिणी गेल्यापासून तो तिच्याकडे जेवायचा. "रांधाचं नाव काढू नको, इकडंच येत जा," असं ती म्हणाली होती, आणि त्यालाही ते सोपं होतं. घरची चूल पेटत नव्हती.

वैशाखात सुखराम आला. यावेळी लोटाभर पाणी प्यायला.

"काकी रोज विचारून राहिली," तो म्हणाला. "म्हनते, पोरीचा रेडिओ कई आनते जवाई. मी तरी काय सांगू?"

त्या दिवशी कुंताबाई माहेरी गेली होती. पाहुण्याला उपाशी कसं ठेवायचं, म्हणून टिकारामने चूल पेटवली. भात केला, वरण केलं. सुखराम म्हणाला, "मीठ नाई टाकलं काय?" टाकलं नव्हतं. जेवणं झाल्यावर टिकारामने भांडी घरामागे नेली आणि घासली. रुखमिणी जिथे घासायची तिथेच बसला. जमिनीला भेगा पडल्या होत्या. त्याने पाणी ओतलं की ते भसकन आत जायचं. राखेचं, खरकट्याचं सगळं पाणी तिथेच सांडलं. फाळ तिथेच गाडलेला होता.

दिवस मावळताना सुखरामला दाखवायचं म्हणून त्याने गुंडी कानात घातली. आणि एक माणूस बोलत होता. फार दुरून, तलावाच्या पलीकडून हाक यावी तसा, पण बोलत होता.

टिकारामने गुंडी काढून सुखरामच्या कानात घातली.

सुखरामने डोळे मोठे केले. "नागपूर होय! धानाचे भाव सांगून राहिला ना, बाप्पा!"

टिकाराम उठला आणि घरामागे गेला. ओल्या जमिनीकडे पाहत उभा राहिला. तिने फाळ तिथे का गाडला, ते त्याला आता कळलं. ती रोज दोन वेळा तिथे भांडी घासायची. ती असती तर तिथली जमीन कधी सुकलीच नसती. जमीन ओली असल्याशिवाय रेडिओ बोलत नव्हता, आणि ती गेल्यापासून तिथे कोणी तांब्याभर पाणी ओतलं नव्हतं.

"चाला मंग," मागून सुखराम म्हणाला. "सकाळच्या गाडीनं नेऊ. काकी लई खूश होईन."

टिकाराम फाळाजवळ बसला. तारेला रुखमिणीने गाठ मारली होती. धानाच्या रोपांची पेंडी बांधायची तिची गाठ, तीच.

"हे गाठ सोडा लागन," तो म्हणाला.

"कायले? ते राहू द्या. तिथं दुसरं लोखंड गाडू. तारही दुसरी बांधू. आपल्याले फक्त पोंगाच तं न्याचा हाय."

टिकारामने गाठीवरची माती पुसली. "पाहू," तो म्हणाला. सकाळी सुखराम एकटाच गेला.

तेव्हापासून टिकाराम घरीच रांधतो. कुंताबाई रागावली, मग तिने सोडून दिलं. दोन्ही वेळची भांडी तो घरामागे घासतो, आणि दिवस मावळताना गुंडी कानात घालून बसतो. पुढचा रोवणाही होऊन गेला. सुखरामचे निरोप येतात, गोदावरीबाई विचारते. टिकाराम सांगतो, येतो. पोंगा अजून एकोडीतच आहे, आणि फाळाची गाठ तशीच. पवनीच्या छपरावर तार बांधायची राहिली आहे.