पाहुण्याचा भाव

सदर बाजारातल्या आपल्या किराणा दुकानात नत्थूजींनी आयुष्यात कुणाला फसवलं नव्हतं, आणि तरी अख्ख्या नागपूरचा महागाई भत्ता त्यांच्यामुळे बुडत होता. सात वर्षं त्यांना याचा पत्ताच नव्हता.

त्याचं असं झालं, की दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सरकारी कचेरीतले रविंद्रबाबू भाव टिपायची वही घेऊन येत. शहरात जगायला किती खर्च येतो ते सरकार मोजत होतं, त्यावरून भत्ता ठरत होता, आणि तुरीच्या डाळीसाठी नेमकं नत्थूजींचंच दुकान ठरलेलं होतं. आता दारात आलेल्या, घाम पुसत बसलेल्या माणसाला दुकानाचा भाव कसा सांगायचा? बरं दिसतं का ते? गिऱ्हाइकाला तीन रुपये चाळीस पैसे किलोनं डाळ देणारे नत्थूजी साहेबांना म्हणत, "तुमच्यासाठी दोन चाळीस." साहेब चहा पीत, दोन चाळीस लिहीत आणि पाव किलोही न घेता निघून जात. नत्थूजींना त्याचं थोडं वाईटच वाटे.

एका रविवारी जावई गोपाळराव जेवता जेवता म्हणाले, "मामाजी, मी पुण्याले बदली मागून राहिलो." हिंगण्याच्या कारखान्यात ते लेथ चालवत. कंपनीचा दुसरा कारखाना पुण्याला होता. "तीच मशीन, तेच काम, पण भत्ता साठ रुपये जास्त. काहून, तं सरकारच्या वहीत नागपुरात दाळ दोन चाळीस हाये. कोन्या भल्या माणसानं सांगितली, देव जाणे."

नत्थूजींनी हातातला घास ताटात परत ठेवला. प्रेमिला त्यांची एकुलती एक. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. पोरगी पलीकडच्या गल्लीतून रोज येऊन दुकानातल्या पोत्यावर बसायची, म्हणून म्हाताऱ्याचा दिवस सरायचा. ती गेली तर बोलायचं कुणाशी, डाळीशी?

पुढच्या मंगळवारी त्यांनी छातीवर दगड ठेवून सांगितलं, "तीन चाळीस."

रविंद्रबाबूंनी पेन खाली ठेवलं. "थट्टा नोका करू, नत्थूजी."

"थट्टा सात वर्षं झाली, साहेब. तो पाहुण्याचा भाव होता."

रविंद्रबाबूंनी वहीतली जुनी पानं चाळली. त्यांचा स्वतःचा भत्ताही याच वहीवरून निघे, पण त्यांना लागलं ते वेगळंच. "मी सात वर्षांपासून माह्या बायकोसंग, कुसुमसंग भांडून राहिलो," ते हळूच म्हणाले. "दाळ दोन चाळीस असून तू तीन चाळीसची कुठून आणतं म्हणून."

मग त्यांनी वही उलटी करून दाखवली. एका महिन्यात भाव एवढा चढला तर कारण लिहावं लागे. पूर, आग किंवा संप. "यातलं काय झालं?"

"यातलं काही नाही झालं. माही पोरगी चालली पुण्याले." नत्थूजींचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

रविंद्रबाबूंनी तसंच लिहिलं: दुकानदाराची मुलगी पुण्यास चालली, सबब भाव वाढला.

कचेरीला खोटं कारण लगेच पकडता आलं असतं, पण हे कारण खरं होतं, त्यामुळे कुणाला काही सुचेना. भाव मंजूर झाला. भत्ता चढला, गोपाळरावांनी बदलीचा अर्ज मागे घेतला आणि नत्थूजींनी गल्लीभर पेढे वाटले.

पेढे संपायच्या आत कचेरीचं पत्र आलं. मुलगी परतल्यास जुना भाव पुन्हा लागू होईल. तरी ती सध्या कोठे आहे, हे दरमहा नोंदवावे.

तेव्हापासून पहिल्या मंगळवारी प्रेमिला दुकानामागच्या खोलीत, पडद्याआड बसते. "आजच्या दिवस घरी राह्य ना वं," नत्थूजी दर वेळी म्हणतात. पण सात वर्षं आलेल्या माणसाला चहाविना पाठवणं तिलाही जमत नाही.

रविंद्रबाबू येतात, कुसुमताईंनी सांगितलेली दोन किलो डाळ रोख पैसे देऊन घेतात आणि वही उघडतात.

"मुलगी?"

"पुण्याले."

आत बांगड्या वाजतात. पडद्याखालून चहाची कपबशी पुढे सरकते. रविंद्रबाबू एक घोट घेतात.

"साखर थोडी जास्त झाली वं बेटा," ते पडद्याकडे बघून म्हणतात, आणि वहीत लिहितात: मुलगी अद्याप पुण्यासच.