निळी डांबरगोळी

तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या घरातला अंबादास १९५८ साली हैदराबादेहून एम.एस्सी. होऊन आला, तो एक काचेची कुपी सांभाळत. आत चिमूटभर निळेशार कण, अॅझुलीन नावाच्या रसायनाचे. दोन वर्षं खपून त्यानं ते स्वतः बनवले होते. गावच्या शाळेत तो विज्ञान शिकवू लागला आणि भेटेल त्याला कुपी दाखवू लागला. लोक "छान आहे" म्हणत आणि पावसापाण्याकडं वळत.

एकदा हौसेनं त्यानं आईला, द्वारकाबाईंना, सांगितलं, "डांबरगोळीत जे आणि जेवढे अणू असतात, तेच आणि तेवढेच यात आहेत."

बाईंनी ते मनावर घेतलं. नवरात्राआधी ट्रंकेतल्या डांबरगोळ्या संपल्या, तेव्हा त्यांनी कुपी फडक्यावर उपडी केली आणि पुरचुंडी लुगड्यांत सारली. आठ दिवसांनी ट्रंक उघडली, तर जरीच्या लुगड्यावर तळहाताएवढा निळा डाग. शाळेतून आलेल्या अंबादासच्या हाती रिकामी कुपी लागली.

"आई, दोन वर्षांची मेहनत होती ती."

"तूच म्हणालास, तेच हाय म्हणून. तेच असंल तर वागणं येगळं कसं?"

अंबादास रागवायचं विसरला. हे त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. त्यानं खडू आणि चिंचोके आणले. फरशीवर पाच कोनांचं एक कडं काढलं, त्याला चिकटून सात कोनांचं दुसरं, मधली बाजू दोघांची सामाईक. दर कोनाला एक चिंचोका. "कोन म्हणजे अणू, चिंचोका म्हणजे त्याचा एक इलेक्ट्रॉन," तो म्हणाला. मग साताच्या कड्यातला एक उचलून पाचाच्या पोटात ठेवला.

"आता मधले दोन्हीकडं धरून मोज."

"हिकडं सहा. तिकडं बी सहा." बाई थांबल्या. "पण सातानं का द्यावा?"

"सहा झाले की कडं निवांत बसतं. देणारंही आणि घेणारंही."

"मग पाचाकडं एक जास्त झाला, साताकडं एक कमी."

"म्हणूनच एक टोक ऋण, दुसरं धन. डांबरगोळीत दोन्ही कडी आधीच सहा-सहाची. कुणी कुणाला द्यायचं कारणच नाही."

"आन् निळेपणा?"

"त्याचा हिशेब जरा वेगळा आहे. बरंच काढून दाखवावं लागेल."

चुलीवरून आमटी करपल्याचा वास येत होता. द्वारकाबाई भिंतीकडं सरकून बसल्या आणि त्यांनी पदरानं पुढची फरशी पुसली.

"काढ," त्या म्हणाल्या.