दोन हातांवरचा नाग

गुलाबराव फर्स्ट शिफ्टला निघाला की बाहेरून कुलूप लावायचा. भंडाऱ्याकडून लग्न होऊन आलेली पंचफुला दीड वर्षापासून भिलाईच्या त्या क्वार्टरमध्ये पहाटेपासून दुपारी तीनपर्यंत कोंडलेली असायची. "कारखाना बांधाले साऱ्या मुलखाचे लोक येऊन राहिले. कोण कसा, काय सांगता येते?" एवढंच तो म्हणायचा. माणूस मारकुटा नव्हता, दारूला शिवत नव्हता. माहेरी तक्रार करावी तर काय म्हणून करावी, तेही तिला सुचत नव्हतं.

खोली, स्वयंपाकघर आणि मागे उंच भिंतीचं अंगण. भिंतीवर काचा रोवलेल्या. त्या काचांतून पाय चुकवत येणारी भुरी मांजर सोडली, तर दिवसभर तिच्याशी बोलायला कोणी नव्हतं.

भट्टीवर गुलाबरावला काम शिकवणारा रशियन मायदेशी जाताना आपला कॅमेरा त्याला देऊन गेला. आपले फोटो गावी पाठवता यावेत म्हणून गुलाबरावने तो बायकोला चालवायला शिकवला. त्याचे तीन फोटो झाले. उरलेला रोल तिने घरातच संपवला: खिडकीच्या गजाला मातीचं घर बांधणारी कुंभारीण माशी, मेलेलं झुरळ ओढून नेणाऱ्या मुंग्या, पाठ चाटत बसलेली भुरी. दुर्गच्या स्टुडिओतून फोटो आले तेव्हा मांजर तेवढी साफ. किडे सगळे धुरकट.

"दोन हातांच्या आतलं यात साफ येत नाई, स्टुडिओवाला भाऊराव सांगत होता," गुलाबराव म्हणाला. "अन् किडे काढतं? दुसरं काई नाई भेटलं?"

"जे भेटते तेच काढते," ती म्हणाली.

तो हसला आणि नवा रोल घालून दिला.

भादव्यातल्या एका सकाळी दोरीवरच्या लुगड्यावर चतुर बसला होता. पंचफुला हाताने अंतर मोजत उभी असताना भुरी फिस्कारली. वळून पाहते तर मोरीतून नाग आत आलेला. तो आणि मांजर, दोघंही तिच्या आणि खोलीच्या दाराच्या मधे. मागे भिंत. ती ओरडली. शेजारच्या अंजनाबाई धावत आल्या, पण दाराला कुलूप.

"थांब गं बाई, लोकं आणते!" त्यांचा आवाज दूर गेला.

दोन हातांवर नागाने भुरीकडे तोंड करून फणा काढला. भुरी हलेना. पंचफुलेची पाठ भिंतीला टेकली होती. हातातला कॅमेरा तिने डोळ्याला लावला आणि बटण दाबलं.

रस्त्यावरच्या दोन मजुरांनी सब्बलीने कुलूप तोडलं, तोवर नाग आल्या वाटेने निघून गेला होता.

दुपारी गुलाबरावने मोडकं कुलूप पाहिलं. "परके माणसं घरात आले? नाग होता म्हणतं, मंग कुठी गेला तो?"

अंजनाबाईंनी सांगितलं, तरी त्याला पटेना. पंचफुलेने कॅमेरा त्याच्या पुढ्यात ठेवला. "रोल धुऊन आणा."

त्याच संध्याकाळी त्याने नवं कुलूप आणलं. आठवड्याने तो दुर्गहून फोटो घेऊन परतला. नागाचा फोटो त्याने तिच्यासमोर धरला. फण्यावरचा दहाचा आकडा वाचून घ्यावा इतका साफ होता.

"दोनच हातांवर होता?"

"हो."

"मंग पळाचं सोडून फोटो कावून काढला?"

"पळाले जागा कुठी होती?" ती म्हणाली. "म्या म्हटलं, मेली तर कायनं मेली, हे तरी तुमाले समजन."

त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी मोरीला जाळी बसवली आणि नव्या कुलपाची दुसरी किल्ली अंजनाबाईंकडे दिली. "आता फिकर नाई तुले," तो म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं.

सोमवारी कारखान्याचा भोंगा वाजला, सायकली निघून गेल्या, आणि अंजनाबाईंनी दार उघडलं. "ये बाहेर. तीनाच्या आत परत जाजो म्हणजे झालं."

पंचफुला उंबऱ्यावर बराच वेळ उभी राहिली. मग कॅमेरा घेऊन बाहेर आली. मेंदीच्या कुंपणावर नाकतोडे होते, त्यापलीकडे रस्ता, त्यापलीकडे चिमण्यांचा धूर. ती रस्त्याच्या वळणापर्यंत गेली. तिथून कुठे जातात, हे तिला माहीत नव्हतं.

अडीचच्या सुमारास ती आपणहून घरात शिरली. आतून दार ओढून घेतलं.

"लावा, अंजनाबाई," ती म्हणाली.