ढोकीच्या वळणावरचं डांबर

ढोकीच्या कारखान्याकडे वळणारा रस्ता मागच्या हंगामात पार बिघडला. उसाचे ट्रॅक्टर वळणावर ब्रेक मारायचे आणि वरचं नवं डांबर जुन्यावरून सरकायचं. वाकळ गोळा व्हावी तशा त्याला वळ्या पडल्या. तसल्याच एका वळीवर शिवराजची मोटारसायकल घसरली आणि मागं बसलेल्या त्याच्या आईचा, म्हाळसाबाईचा, हात मोडला. हाड जुळलं, पण मनात बसलेली भीती काही निघेना. तेव्हापासून ती बाजाराला पायीच जायची.

शिवराजची धाकटी बहीण मोनिका रस्त्याच्या कामावर इंजिनिअर होती. वळण नव्यानं करायचं ठरलं, तेव्हा तिनं ते काम मागून घेतलं.

सुटलेला थर खरवडून काढला, हवेच्या झोतानं धूळ उडवली. मग पॉलिमर मिसळलेलं पातळ डांबर फवारलं. आधी ते तपकिरी दिसतं. काळं पडेपर्यंत त्यावर मातीचा कणही यायला नको होता. त्यावर पॉलिमरची जाळी अंथरून मगच नवा थर पडायचा.

नेमकी तेव्हाच मेंढरं आली. पुढं बिरदेव, मोनिकाचे वडील. ऊन तापलेलं, पाणी पलीकडच्या तळ्यात.

"आबा, थांबा! एकबी मेंढरू पुढं येऊ देऊ नका!"

मजूर वळून बघू लागले. बापावर ती एवढ्या मोठ्यानं कधीच ओरडली नव्हती. बिरदेवनं काठी आडवी धरली. कळप थबकला.

मोनिका जवळ गेली. "लई तहानलीत का ओ?"

"व्हय, पन थांबतेत. तू तुजं काम कर."

तिनं रोलरसाठी आणलेल्या टँकरचं पाणी घमेल्यांत ओतायला लावलं. मेंढरं तुटून पडली.

"हे कशापायी मारायचं?" फवारलेल्या डांबराकडं काठी करत बिरदेवनं विचारलं.

"दोन थरांनी एकमेकाला धरून ऱ्हावं म्हनून. मागं धुळीवरच मारलं व्हतं. वरचा थर सुटाच ऱ्हायला."

"म्हंजी तुज्या आयचा हात..."

"व्हय, आबा."

बिरदेवनं काठीनं कळप नाल्याकडं वळवला. मग म्हणाले, "आमी नाल्यातनं जातो. लांब पडलं तर पडंल."

काम पुरं झालं. काही दिवसांनी मोनिकानं तपासणीसाठी रस्त्याला गोल भोक पाडून आतला तुकडा काढला. भाकरी घेऊन आलेली म्हाळसाबाई शेजारीच उभी होती. तुकडा अखंड निघाला, तशी मोनिका लहान पोरीसारखी हसली.

"आये, हे बघ. ही बारीक रेघ दिसती ना, तिथं दोन थर जुळलेत."

म्हाळसाबाईनं रेघेवरनं बोट फिरवलं. नखानं उकरूनही पाहिलं. मग पदराला हात पुसत म्हणाली, "स्कूटी आनलीस न्हवं? सोड मला बाजारात."

वळणावर तिची बोटं मोनिकाच्या खांद्यात रुतली. मोनिकानं वेग आणखी कमी केला. वळण मागं पडलं तरी तिला वेग वाढवायचा धीर होईना.

"आता चल की जरा," मागून आवाज आला. "बाजार उठंल."