शेवाळाला वळसा

पर्युषणात, जैनांच्या व्रताच्या दिवसांत, उगमबाई परसात पडल्या. शेवाळावर पाय पडू नये म्हणून त्यांनी पाऊल वाकडं टाकलं आणि ओल्या मातीवर घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. पुण्याला नेऊन ऑपरेशन झालं, आणि नवरात्र बसलं तेव्हा त्या मंचरच्या आपल्या घरी, मागच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. शेजारी वॉकर. उंबऱ्यापलीकडे जायची मात्र बंदी.

बंदी सुनेनं, टीनानं, घातली होती. दवाखान्यातली सगळी जागरणं तिनंच केली होती, त्यामुळे तिच्यापुढे कुणी बोलत नसे. सासरे धरमचंद सकाळी मुकाट्यानं कापडाचं दुकान उघडायला निघून जात.

परतीचा पाऊस यंदा हटायचं नाव घेत नव्हता. दुपारी आभाळ भरून यायचं, संध्याकाळी सर यायची, सकाळी सगळं परस निथळत असायचं. उगमबाईंनी ही बाग लग्न होऊन आल्यापासून सांभाळली होती. पण सांभाळताना नजर कायम खाली, आळ्यात नाही तर केरात. बसून अशी बघितलीच नव्हती. आता दुसरं कामच नव्हतं. तगरीच्या दोन फांद्यांमध्ये कोळ्यानं जाळं विणलं होतं, त्याच्या धाग्याधाग्याला थेंब लटकले होते. सीताफळाचे डोळे उघडत चालले होते. ऊन क्षणभर पडलं की झेंडूवरून वाफ निघायची. आणि ज्याला टाळताना त्या पडल्या ते शेवाळ भिंतीकडेनं मखमल अंथरल्यासारखं पसरलं होतं. लांब कोपऱ्यात पारिजातक होता. त्याचा वास यायचा, पण खुर्चीतून खालचा सडा दिसायचा नाही.

तो बघायचा, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

घरकामाला येणारी रत्ना निरगुडसरची. ती खुरपं घेऊनच पुढं झाली. "बाई, समदं शेवाळ खरडून टाकते म्या. लई वेळ न्हाई लागायचा."

"नको. तोही जीवच आहे," उगमबाई म्हणाल्या.

मुलानं, संयमनं, सगळीकडे काँक्रीट करून घेऊ म्हटलं. त्यालाही त्या नाही म्हणाल्या. मग मात्र टीना चिडली. शेवाळाची एवढी काळजी आणि स्वतःच्या हाडांची नाही, असं ती बोलून गेली. उगमबाईंनी ऐकून घेतलं. सुनेचं चुकत नव्हतं, हे त्यांना कळत होतं.

"टीना, तू म्हणशील तेव्हाच मी उतरेन," त्या म्हणाल्या. "पण उतरेन."

त्या दिवसापासून त्या ओसरीत वॉकर घेऊन फेऱ्या मारू लागल्या. पाय ठणकायचा, कपाळावर घाम यायचा. दुखायला लागलं की थांबायच्या, पुन्हा निघायच्या. बसल्या की परसाकडे बघत राहायच्या. आता मात्र शेवाळ कुठं धरलंय आणि कुठं नाही, ते निरखत. सीताफळाला वळसा घालून पारिजातकापर्यंत एक पट्टा उघडाच राहिला होता. तिथं दिवसभर ऊन यायचं आणि पाणी साचत नसे. त्यांनी रत्नाला बसल्या जागेवरून तो पट्टा दाखवला. दुकानामागं शहाबादी फरशीचे जुने तुकडे पडून होते. रत्नानं ते खरबरीत बाजू वर करून, वॉकरचे चारी पाय मावतील एवढे रुंद बसवले. डुगडुगणाऱ्या फरशीखाली वाळू ठासली.

टीना दारातून बघत होती. संध्याकाळी ती एकटीच खाली उतरली आणि प्रत्येक फरशीवर उभं राहून, अंगाचा भार टाकून बघून आली. एक फरशी तिनं रत्नाला पुन्हा बसवायला लावली.

कोजागिरी होऊन गेली. एका सकाळी भुरभुर नुकतीच थांबली होती, झाडं गळत होती. टीनानं चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "चला मम्मी. मी मागं आहे."

उगमबाईंनी पायरी उतरायला बराच वेळ घेतला. टीनाचा हात कमरेशी होता. सीताफळाच्या वळणावर पाय थरथरला. तिथं त्या थांबल्या, श्वास घेतला. टीनानं परत फिरू या का विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि वॉकर पुढं टाकला.

पारिजातकाखाली सगळं हिरवंगार होतं, आणि त्या ओल्या हिरव्यावर रात्रीतून गळालेली फुलं. काही पालथी पडलेली, केशरी देठ वर करून. काही पाण्यानं जड होऊन शेवाळात रुतलेली. वरून अजून एखादं टपकन पडत होतं. उगमबाईंनी आयुष्यात कधी झाडावरचं फूल तोडलं नव्हतं. ही तर वाकून उचलताही येणार नव्हती. त्या नुसत्या बघत राहिल्या. बघता बघता डोळे भरून आले.

"दुखतंय?" टीनानं विचारलं.

"दुखतंय. खुर्ची इथं आणून दे."

टीनानं खुर्ची आणली, ती फरशीवर घट्ट टेकवली आणि सासूला बसवलं. मग स्वतः शेजारच्या फरशीवर उकिडवी बसली. धरमचंद दुकानाची किल्ली घेऊन मागच्या दारात आले, दोघींना पाहून तिथंच उभे राहिले.

थोड्या वेळानं उगमबाईंनी विहिरीच्या कठड्याकडे बोट केलं. तिकडं शेवंतीला कळ्या धरल्या होत्या. फरशी मात्र तिथवर पोचली नव्हती.

"रत्नाला सांग," त्या म्हणाल्या, "अजून तुकडे लागतील."