झाकणावरचा नंबर

आमच्या लॅबमध्ये तिला सगळे 'अनुदान' म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. हे नाव मीच ठेवलं होतं, आणि ठेवताना मला बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकते.

सरकारनं योजना काढली होती. जीवशास्त्र शिकणाऱ्या कॉलेजच्या मुलांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ आठवडे खऱ्याखुऱ्या लॅबमध्ये काम करायचं आणि त्यांच्या मानधनाचा मोठा वाटा सरकारनं उचलायचा. आमची लॅब पाणी तपासते. विहिरीचं, टाकीचं, कारखान्याच्या नळाचं, कुणी आणून देईल ते. टायरच्या दुकानाच्या वर तीन खोल्या, एक इनक्युबेटर, आणि बावीस वर्षं मी. मालक म्हणजे धाकटे साहेब. थोरले साहेब असताना हा शाळेतून थेट लॅबमध्ये यायचा आणि माझ्या डब्यातलं खायचा, म्हणून अजूनही मला मावशी म्हणतो. त्याला काही हवं असलं की 'मावशी' जरा जास्तच गोड होतं.

योजनेचं पत्र आलं त्या दिवशी ते फारच गोड झालं. मावशी, तुमचं सगळं काम एका वहीत उतरवून काढा, पायरी-पायरीनं, उद्या आलेल्या पोरीलासुद्धा जमेल इतकं सोपं, असं म्हणाला. जाता जाता हेही म्हणाला, की पुढच्या वर्षी योजनेतून तिघींना घेता येतं. माझा करार दर वर्षी उन्हाळा संपताना नवा होतो. मी काही कालची पोर नाही. बावीस वर्षांचं काम दोनशे पानी वहीत मावलं की बाई कशाला लागते, हे कळायला मला पत्र वाचावं लागलं नाही.

वही मी लिहिली. सुवाच्य अक्षरात, समास सोडून, एकोणचाळीस पायऱ्या. फक्त तिसऱ्या पानावर एक ओळ लिहिली नाही. हात तिथं आपोआप थांबला, एका ओळीची जागा सुटली, आणि मी पुढची पायरी लिहिली.

ती ओळ अशी होती: नंबर प्लेटच्या तळाला टाकायचा, झाकणाला नाही.

ज्यांनी हे काम केलं नाही त्यांच्यासाठी सांगते. प्लेट म्हणजे काचेची उथळ बशी आणि तिच्यावर तसलंच झाकण. बशीत नमुन्याचं पाणी घालायचं, वर कोमट आगर ओतायचा, तो जेलीसारखा घट्ट झाला की प्लेट उलटी करून इनक्युबेटरमध्ये ठेवायची. उलटी अशासाठी, की वाफेचं पाणी आगरवर पडू नये. दुसऱ्या दिवशी ठिपके मोजायचे. जितके ठिपके, तितके जंतू. आता प्लेट उलटी असल्यामुळे बशी वर असते आणि झाकण खाली. मोजायला बशी उचलली की झाकण ट्रेवरच राहतं. नंबर झाकणावर असेल तर हातातली बशी कुणाची, ते देवालाच ठाऊक. लॅबमध्ये मुरलेला माणूस झोपेतही तळालाच नंबर टाकतो. म्हणून तर कुणी ते सांगत नाही.

ती आली पहिल्या सोमवारी, इस्त्रीचा पांढरा कोट घालून, डोळ्यांत नको तेवढा उत्साह घेऊन. कॉलेजात किती प्लेटा केल्यास, असं विचारलं, तर म्हणाली, दहा जणांत एक, आणि तीही सर करून दाखवायचे. मी वही तिच्या पुढ्यात टाकली. तिनं ती दोनदा वाचली, मार्कर काढला आणि त्या दिवशीच्या सहाच्या सहा झाकणांवर टपोरे नंबर घातले. मग माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली नाही, पण नाही असंही म्हणाले नाही. मी नळ सोडला आणि चंबू धुवायला लागले.

त्या रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं. हे पोस्टातून निवृत्त झालेत, सगळ्या जगाची पत्रं पोचवून आता सगळ्या जगाबद्दल मत बाळगून असतात. म्हणाले, एक वाक्य तर आहे, सांगून टाक की. मी म्हटलं, तुमची पेन्शन कुणी वहीत लिहून घेतली नाही, तुम्ही गप जेवा. ते गप जेवले. सासूबाईंनी ताटावरून माझ्याकडे एकदा बघितलं आणि पाणी मागितलं.

खरं सांगायचं तर पोरगी वाईट नव्हती, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. वेळेवर यायची, काच फोडायची नाही, एकेक प्लेट उघडून, मोजून, लगेच बंद करायची. त्यामुळे तिचं काही चुकायचंही नाही. मी रोज वाट बघायचे आणि रोज तिचे आकडे बरोबर यायचे. तिसऱ्या आठवड्यात धाकटे साहेब तिची वही, म्हणजे माझी वही, चाळून म्हणाले, मावशी, छान तयार केलीत हो हिला. तळपायाची आग मस्तकात गेली.

योजनेचा आणखी एक नियम होता. या आठवड्यात काय शिकलो, ते विद्यार्थ्यानं दर शुक्रवारी डायरीत एक पान लिहायचं आणि मार्गदर्शकानं खाली सही करायची. मार्गदर्शक म्हणून धाकट्या साहेबांनी मला न विचारता माझं नाव घातलं होतं. दर शुक्रवारी ती डायरी उघडून माझ्यापुढे धरायची, आणि मी एक अक्षर न वाचता सही ठोकायचे. वाचण्याइतकी मी तिला किंमत देत नाही, हे तिला दिसावं म्हणून.

पाचव्या आठवड्यात योजनेच्या कार्यालयातून एक अधिकारी बाई पाहणीला आल्या. ती नेमकी इनक्युबेटरमधून ट्रे काढून बसली होती, सहा प्लेटा, अजून एकही मोजलेली नव्हती. धाकटे साहेब बाईंना घेऊन आत शिरले आणि फोटो काढू या म्हणाले. तिला म्हणाले, दोन प्लेटा हातात धर, उघड्या धर, म्हणजे आतलं दिसेल. तिनं दोन बश्या उचलल्या. झाकणं खाली राहिली. साहेब एका बाजूला, मी मागे, ती मध्ये. बाईंनी मोबाईलवर तीन फोटो काढले, बरं वाटलं म्हणाल्या, आणि सगळे चहाला बाहेर गेले.

ती दोन बश्या हातात घेऊन तशीच उभी राहिली. एकीत भरपूर ठिपके होते, दुसरी जवळजवळ कोरी. खाली दोन झाकणं, एकावर दोनशे बारा, एकावर दोनशे पंधरा. तिचा हात एका झाकणाकडे गेला, थांबला, दुसऱ्याकडे गेला. मग तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं नाही, पण प्रश्न स्पष्ट होता. तेव्हा मी एवढंच म्हणायला हवं होतं, की टाक दोन्ही आणि नमुने परत मागव. पूर्वी आम्ही प्रत्येक नमुन्याच्या दोन-दोन प्लेटा करायचो, तेवढ्यावरही भागलं असतं, पण काटकसर म्हणून साहेबांनी ते बंद केलं होतं. मी बेसिनकडे तोंड केलं. मनात एकच विचार होता, सापडली एकदाची. तिनं अंदाजानं झाकणं लावली आणि मोजायला बसली.

चौथ्या दिवशी पोहण्याच्या तलावाचा मॅनेजर जिना चढून आला, तोच ओरडत. आमच्या रिपोर्टमुळे त्यांना तलाव बंद ठेवावा लागला होता, आणि दुसऱ्या लॅबनं पाणी स्वच्छ असल्याचं लिहून दिलं होतं. धाकट्या साहेबांनी दोघींना आत बोलावलं आणि तिला उभीआडवी झापली. ती खाली बघून ऐकत होती. मी भिंतीला टेकून उभी होते आणि, लपवत नाही, मला आतून गुदगुल्या होत होत्या.

मग तलावाचा नंबर कानावर पडला. दोनशे पंधरा. तलावाचं पाणी स्वच्छ होतं, म्हणजे ठिपक्यांनी भरलेली बशी दोनशे बाराची होती, आणि तिला आम्ही स्वच्छ म्हणून शिक्का मारून पाठवलं होतं. मी रजिस्टर उघडलं. दोनशे बारा म्हणजे शाळकरी मुलींच्या वसतिगृहाची टाकी.

फोन मीच लावला. वसतिगृहाच्या रेक्टरबाई दमलेल्या आवाजात म्हणाल्या की एकतीस मुली अंथरुणात आहेत, दोघींना सलाईन लावलंय, आता उतार पडतोय. टाकीचं पाणी ताबडतोब बंद करा, उकळल्याशिवाय घोटभरही देऊ नका, असं मी सांगितलं.

"पाणी कसं असेल? तुमचाच रिपोर्ट आहे ना, पाणी स्वच्छ म्हणून," त्या म्हणाल्या. "म्हणून तर आम्ही स्वयंपाकाच्या बाईंना काढलं. सोळा वर्षं होत्या. परवाच गेल्या, मुलाकडे, कुठे ते सांगून गेल्या नाहीत."

चुकीचा रिपोर्ट मागे घेतो, नवा पाठवतो, असं काहीबाही मी बोलले. रिसीव्हर ठेवला. त्या बाईला मी कधी पाहिलं नाही, पण सोळा वर्षं एका चुलीपुढे उभं राहिलेल्या बाईचे पाय कसे दुखत असतील ते मला माहीत आहे.

त्या संध्याकाळी धाकटे साहेब माझ्या टेबलापाशी आले. आवाज पुन्हा गोड. म्हणाले, या पोरी काही कामाच्या नाहीत मावशी, नसती बला. पुढच्या वर्षी योजना नको, तुमचा करार तीन वर्षांचा करून टाकतो. हिच्या प्रमाणपत्रावर 'असमाधानकारक' लिहितो, म्हणजे आपल्यावर काही यायचं नाही. मी जिंकले होते. पाच आठवडे ज्यासाठी मूग गिळून बसले होते, ते आयतं पदरात पडलं होतं. घरी गेले आणि नवऱ्याला काही सांगितलं नाही.

उरलेले तीन आठवडे ती आली. साहेबांनी प्लेटांना हात लावायचा नाही असं बजावलं होतं, म्हणून बाटल्या धुवायची. एकदा टाकायच्या प्लेटांच्या बादलीपाशी वाकलेली दिसली. माझ्या जुन्या प्लेटा एकेक करून उलट्यासुलट्या बघत होती.

शेवटच्या शुक्रवारी ती डायरी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. कोटाची इस्त्री केव्हाच मोडली होती.

"सही करा," ती म्हणाली. "नेहमीसारखी. न वाचता."

मी डायरी ओढून घेतली आणि पहिल्यांदाच पहिल्या पानापासून वाचायला लागले. पहिला आठवडा: आज झाकणांवर नंबर टाकले, मॅडमनी पाहिलं, काही बोलल्या नाहीत, म्हणजे बरोबर असावं. खाली माझी सही. दुसरा आठवडा: मॅडम कमी बोलतात, पण चुकलं तर नक्की सांगतील. माझी सही. पाचवा आठवडा: फोटोनंतर दोन प्लेटांबद्दल शंका वाटली, मॅडम तिथेच होत्या, त्यांनी हरकत घेतली नाही. माझी सही, लफ्फेदार, शेपटीसकट. आठव्या पानावर दोनच ओळी होत्या. नंबर तळाला टाकायचा असतो. हे माझ्या मार्गदर्शकांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

ही डायरी योजनेच्या कार्यालयात जाणार होती, आणि एक प्रत साहेबांकडे. सही केली तर माझा तीन वर्षांचा करार राहूच दे, सोमवारी लॅबची पायरी चढायला मिळाली तरी पुष्कळ. नाही केली तर नियमाप्रमाणे आठवा आठवडा धरला जाणार नव्हता, म्हणजे तिचा उन्हाळा शून्य, आणि वर ते 'असमाधानकारक'. मी म्हटलं, ही शेवटची ओळ तू कशावरून लिहिलीस, तुला काय माहीत.

तिनं मोबाईल काढून माझ्यासमोर धरला. योजनेच्या बाईंनी पाठवलेला फोटो होता. साहेबांचे सगळे दात दिसत होते. ती दोन बश्या धरून हसत होती.

"सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत," ती म्हणाली. "तुम्ही माझ्या हातांकडे बघताय."

माफी मागावी असं वाटलं, पण तिच्या चेहऱ्यावर माफीला जागा नव्हती, आणि तिचं काही चुकत नव्हतं. मी पेन उघडलं. आठव्या पानाखाली सही केली, पूर्ण नावानिशी, तारीख घातली. तिनं शाई वाळेपर्यंत डायरी उघडीच धरली, मग पिशवीत टाकली. कोट काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि निघून गेली. येते म्हणाली नाही. जिन्यावरची तिची पावलं मी शेवटच्या पायरीपर्यंत ऐकली.

मग मी वही काढली. माझ्या जागी आता कुणीतरी येणार, तिच्या हातात हीच वही पडणार. तिसरं पान उघडलं आणि ती ओळ लिहिली. खाडाखोड करावी लागली नाही. जागा मी पहिल्या दिवसापासून सोडून ठेवलेली होती.